पोहता येतं, म्हणूनच व्हेस्ट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते कळेल. तुम्ही कोल्हापूरचे, वय ३४, वजन ७८ किलो. पंचगंगेत पोहायला शिकलात, पुराच्या पाण्यात शिवाजी पुलावरून उड्या मारणाऱ्यांपैकी. गेल्या फेब्रुवारीत गोव्यात तीन दिवसांचा काइटसर्फिंगचा (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीनं बोर्डवर उभं राहून पाण्यावरून जायचा) कोर्स केलात. तिथं सक्तीनं घातलेलं व्हेस्ट, म्हणजे तरंगवणारं जाकीट, सारखं वर सरकून हनुवटीला लागायचं. आता स्वतःची १२ मीटरची (म्हणजे १२ चौरस मीटर कापडाची) काइट, बार (तिच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा) आणि हार्नेस (काइटची ओढ अंगावर घेणारा पट्टा) घेतलंय आणि विचारताय, "ताई, काइट हवेनं फुगवलेली असते, ती बुडत नाही. बोर्डही तरंगतो. मला पोहता येतं. मग व्हेस्टवर पैसे घालायची खरंच गरज आहे, का ते सगळं नवशिक्यांसाठी असतं?"

घ्या. ५० न्यूटनचं (न्यूटन हे उचलाचं माप, पुढं सांगते), आखूड, काइटसाठीच बनवलेलं. पण त्याचं कारण तुम्ही समजताय ते नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे. व्हेस्ट नसलं तरी चालेल अशा जागा आणि असे दिवसही असतात, तेही सांगते.

मी मंगळवार पेठेतली, अंबाई टँकला पोहत वाढलेली. (आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. लिहिताना तसं लिहिलं की आई रागवायची, म्हणून इथं पुस्तकी.) गेली अकरा वर्षं नोव्हेंबर ते मे उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर काइट शिकवते, पावसाळ्यात घरी असते. दर हंगामात कोल्हापूरकडची पाच-सहा तरी मंडळी आजरा, आंबोली, सावंतवाडी करत येतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांचं वाक्य एकच असतं: "पोहण्याचं काय सांगू नका, आम्ही पंचगंगेतले." खोटं नसतं ते. ऑलिंपिकला पोहलेल्या वीरधवल खाडेच्या गावची माणसं, पाण्याला भीत नाहीत. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्याकडं तरंगणाऱ्या वस्तूचा आणि मोठं होण्याचा संबंध लहानपणीच जुळतो. विहिरीत शिकताना पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर कमरेला वाळका भोपळा, कुणाच्या वाट्याला पांगिऱ्याचा बिंडा, कुणाला ट्रॅक्टरचा इनर. ज्या दिवशी ते सुटलं त्या दिवशी पोरगं पोहायला शिकलं, घरी गोड काहीतरी झालं. म्हणून तिशी ओलांडलेल्या गड्याला परत अंगाला काहीतरी बांधायला सांगितलं की त्याला कमीपणा वाटतो. मलाही वाटला होता.

पण काइटसकट पाण्यात पडलेला माणूस पोहत नसतो, काम करत असतो. काय काम, ते बघा. काइट पडली आणि परत उठेना, तर आधी बार सोडायचा. तरीही ओढ असेल तर क्विक रिलीज (हार्नेसपाशी असलेली, काइट झटक्यात मोकळी करायची खटकी) ढकलायचा, म्हणजे काइटमधला जोर जातो आणि ती सेफ्टीच्या एका लाइनवर, म्हणजे दोरीवर, झेंड्यासारखी लोळते. मग ती लाइन हातांनी ओढत काइटच्या दिशेनं सरकायचं, जमेल तशी बारला गुंडाळत जायचं, बोटाला नाहीतर मनगटाला कधीही नाही. काइटपाशी पोचलं की तिची कड धरायची, आणि वारा काठाकडं असेल तर तिचंच शीड करून किनारा गाठायचा. कोर्समध्ये हे तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात, शिक्षक बाजूला उभा असताना एकदा केलं असणार. खोल पाण्यात, लाटांमध्ये, दमल्यावर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तेवढा सगळा वेळ दोन्ही हात गुंतलेले.

आता तुमचा मुद्दा, काइट तरंगते. अगदी बरोबर. फुगवलेल्या कण्याची काइट फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये पेटंट केली ती पाण्यात पडून परत उडावी म्हणूनच. पण काइट तरंगते ती तुमच्यापासून वीस-बावीस मीटर लांब! ती हाताला लागेपर्यंत तुमच्या काही कामाची नाही. आणि आदळताना आतला ब्लॅडर, म्हणजे हवेची पिशवी, फाटला किंवा व्हॉल्व्ह सुटला तर हाताला लागल्यावरही नाही. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे फॉइल काइट असतात, २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयला शर्यतीत होत्या तशा. त्यात पंपानं भरलेला कणाच नसतो, वाऱ्यानं भरलेल्या कापडी कप्प्यांवर सगळं चालतं. बराच वेळ पाण्यात राहिली तर तिच्यात पाणी शिरतं. तुमची तशी नाही, पण उद्या कुणी स्वस्तात दिली तर हे लक्षात असू द्या. बोर्डचं तर नावच नको. पडल्यावर काइट तुम्हाला वारा जाईल तिकडं ओढते आणि बोर्ड मागं राहतो. तो दोरीनं पायाला बांधावा म्हणाल, तर तीच दोरी ताणून सुटली की बोर्ड गोफणीसारखा डोक्यावर येतो. म्हणून आम्ही बांधू देत नाही.

हात गुंतले, मग पाण्यावर राहायचं कशानं? चांगला पोहणारा विचारही न करता पाय मारायला लागतो. उभं पोहणं आपल्या अंगातच असतं. आणि मी ज्याला खरी भीते ते हेच. चार लाइन, जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. पतंगाच्या मांज्यासारखी काच त्यांना नसते, पण ताण बसला की त्याही कातडीत उतरतात. त्यांचा डायनिमा धागा पाण्यापेक्षा हलका, तळाला जात नाही. ढिल्या झाल्या की तुमच्याच भोवती वेटोळी करून तरंगतात आणि लाटेबरोबर खालीवर होतात. त्यांच्या मधोमध तुम्ही पाय फिरवताय, म्हणजे रवीनं ताक घुसळावं तसं. पोटरीला एक वेढा बसतो, कळतही नाही. मग पडलेल्या काइटला एक झुळूक लागते.

माझ्या तिसऱ्या हंगामातली गोष्ट. एप्रिल, शापोरा नदीच्या मुखाच्या उत्तरेला, संध्याकाळचे सहा. त्या काळात मी व्हेस्ट फक्त विद्यार्थ्यांना घालायची. सूर्य खाली गेला तसा वारा पडला, काइट आडवी झाली, आणि ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर निघालेलं, ते मला घेऊन चाललं. घाबरले नाही, पोहणारी ना! रिलीज केलं, लाइन गुंडाळायला घेतली आणि सवयीनं पाय मारत राहिले. डाव्या पोटरीला दोन वेढे. तेवढ्यात काइटचं एक टोक वर उचललं गेलं आणि लाइन ताठ. पाय पुढं, डोकं मागं, तोंडात खारट पाणी. हार्नेसला लावलेला आकड्याचा चाकू होता म्हणून लाइन कापली, नाहीतर हे उत्तर लिहायला मी नसते. कापल्यावरही अर्धा-पाऊण तास पाण्यात होते. शेवटी जाळी टाकून परतणाऱ्या एका होडीनं उचललं. होडीतल्या काकांनी चहाच्या थर्मासकडं बोट केलं आणि एवढंच विचारलं, "जाकीट खंय?" पोटरीवरची खूण अजून आहे.

त्या दिवशी पाणी खोल होतं, ओढ होती, वारा पडला होता, हे सगळं खरं. पण माझी चूक पायांची होती. अंगात ५० न्यूटनचं काहीही असतं तर पाय लांब करून, स्थिर ठेवून, शांतपणे लाइन गुंडाळता आली असती. व्हेस्ट तुम्हाला पाय न हलवण्याची सोय करून देतं. पोहता न येणाऱ्याला मी काइटवर घेतच नाही, त्यामुळे माझ्याकडं व्हेस्ट असतं ते पोहता येणाऱ्यांसाठीच.

आता ५० न्यूटन म्हणजे किती, ते सांगते. साधारण पाच किलोचा उचल. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला पाच किलोनं काय होणार, असं वाटेल. पण पाण्यात तुमचं वजन जवळपास शून्याला येतं. छाती भरलेली असली की बरेच जण तरंगतात, श्वास सोडला की हळूहळू खाली जातात. प्रश्न उरतो तो तोंड पाण्याबाहेर राहण्याचा, आणि त्याला पाच किलो पुरतात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणून सत्तर किलोच्या माणसाला रंकाळ्यापेक्षा समुद्रात पावणेदोन किलोच्या आसपास जास्त उचल मिळतो. गोव्यात पहिल्यांदा उतरलेली आपली माणसं "इथं तरंगायला लई सोपं" म्हणतात ते यामुळं. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण शरीर शरीरात फरक असतो. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका तालमीतला गडी आला होता, शंभरच्या आसपास वजन, सगळा स्नायू. त्याला म्हटलं, पाठीवर पड, हात छातीवर घे, पाय हलवू नकोस. आधी पाय गेले, मग कंबर, मग मिशा. त्याच्या शेजारी पोट सुटलेला एक बँकेतला साहेब आरामात आभाळ बघत पडलेला. स्नायू बुडतो, चरबी तरंगते, याला इलाज नाही.

इंटरनेटवर तुम्ही वाचलं असेल की अनुभवी काइटसर्फर व्हेस्ट घालत नाहीत. त्यातलं बरंचसं थंड पाण्याच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या अंगात चार-पाच मिलिमीटर जाडीचा निओप्रिनचा, म्हणजे फेसाळ रबराचा सूट असतो, आणि निओप्रिन स्वतःच तरंगतं. म्हणजे नकळत त्यांनी अर्धं व्हेस्ट घातलेलंच असतं. आपण गोव्यात नाहीतर रामेश्वरमला लायक्राचा टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालून उतरतो. लायक्रा काही उचलत नाही. त्यांचा सल्ला आपल्या पाण्यात जसाच्या तसा चालत नाही.

अजून एक खोड हार्नेसची. त्यात फोम असतोच. कमरेचा हार्नेस थोडा उचल देतो, पण तो छातीला नाही, कमरेला. सीट हार्नेस तर बुडाखाली असतो. दमलेल्या माणसाची कंबर वर आणि तोंड खाली अशी उलटी तऱ्हा होऊ शकते. छातीवर व्हेस्ट असलं की तोल परत वर येतो.

प्रकारांत लोकांचा फार गोंधळ होतो. दुकानात काइटच्या कपड्यांशेजारी जे चिकटून बसणारं, देखणं जाकीट टांगलेलं असतं ते बहुतेक वेळा इम्पॅक्ट व्हेस्ट असतं. त्याचं काम बरगड्या सांभाळणं. ते थोडंफार तरंगतं, पण सहसा ५० न्यूटनपेक्षा कमी, आणि आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात 'हे जीवरक्षक साधन नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. ती पट्टी वाचा, रंग नंतर बघा. ५० न्यूटनच्या खऱ्या व्हेस्टवर आयएसओ १२४०२-५ असा मानकाचा क्रमांक आणि कुठल्या वजनाच्या माणसासाठी आहे ते छापलेलं असतं. मालवणला बोटीत बसताना देतात तसलं नारिंगी जाकीट बोटीपुरतं ठीक, काइटवर नको. ते पोटापर्यंत येतं, हार्नेसचा हूक झाकतं, आणि ऐन वेळी तुम्ही क्विक रिलीज शोधत बसता. हवेचं, आपोआप फुगणारं जाकीटही नको. आपण दर पाच मिनिटांनी पाण्यात पडणारी माणसं, पहिल्याच पडण्याला ते फुगेल.

५० न्यूटनची मर्यादाही ऐका. बेशुद्ध माणसाला ते उलटं करून तोंड वर आणत नाही. ते काम १०० न्यूटन आणि त्यावरच्या, मानेमागं कॉलर असलेल्या जाकिटांचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. तेव्हा आम्ही काही जण चिखली-आंबेवाडीच्या बाजूला बोटींवर मदतीला होतो. तिथं कुणी गुळाच्या काईलीत बसून येत होतं, कुणी इनरवर. त्या म्हाताऱ्यांना, पोरांना आम्ही मोठी, बोजड, कॉलरवाली जाकिटं घालत होतो, कारण त्यांना पाण्यात काहीच करायचं नव्हतं, नुसतं तोंड वर ठेवून वाट बघायची होती. काइटवाल्याला मात्र पाण्यात वळायचं असतं, हात फिरवायचे असतात, कधी बुडी मारायची असते. तेच जाकीट काइटवर घातलं तर अडचण होते. पाण्यात पडल्यावर माणूस काय करणार आहे त्यावरून जाकीट ठरतं, आणि डोकं आपटून बेशुद्ध होण्यावरचा आपला उपाय हेल्मेट.

व्हेस्टमुळं त्रास होतो तो कुठं? दोन ठिकाणी. किनाऱ्यालगत लाट फुटते तिथं. बिनव्हेस्टचा माणूस बुडी मारून लाटेखालून निघतो, व्हेस्टवाल्याला लाट उचलून आपटते. दुसरं, काइटचं कापड अंगावर पडलं तर. माझ्या एका विद्यार्थिनीवर काइट अशी पालथी पडली. व्हेस्ट तिला वर ढकलतंय, वर ओलं कापड तोंडाला चिकटलेलं. ती घाबरून कापड ओढायला लागली, त्यानं ते आणखी चिकटलं. मी पोचेपर्यंत सात-आठ सेकंदच गेले असतील, पण तिनं त्या दिवशी परत काइट धरली नाही. आता हे मी पहिल्याच दिवशी शिकवते: दोन्ही तळवे वर, कापड डोक्यापासून उचलून हवेची पोकळी करायची, एक श्वास घ्यायचा, मग एकच दिशा पकडून शिवण चाचपत कडेला यायचं. अंगात व्हेस्ट असेल तर हे दहा वेळा करून बघा, कारण बुडी मारून निसटायचा सोपा रस्ता तुमच्यासाठी बंद असतो.

म्हणूनच मी स्वतः रोज ५० न्यूटनचं घालत नाही. लाटांवर खेळायचं असेल, किनारा जवळ असेल, वारा काठाकडं असेल आणि पाण्यात सोबतीला दोघं-तिघं असतील, तर माझ्या अंगात पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट असतं. रामेश्वरमजवळच्या उथळ खाजणात गुडघ्या-कमरेएवढं पाणी असतं. तिथं बुडण्यापेक्षा तळाला आपटण्याचा धोका जास्त, म्हणून इम्पॅक्ट व्हेस्ट आणि हेल्मेट. शिकवताना, एकटी असताना, नदीच्या मुखाजवळ, नवीन जागी किंवा संध्याकाळी उशिरा मात्र ५० न्यूटन. तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे. तुमचा कोर्स तीन दिवसांचा, खोल पाण्यात स्वतःला सोडवण्याचा सराव जवळजवळ नाही, किट नवं, आणि वर्षातनं पाच-सहा वेळा सुट्टीला जाणार. पहिले दोन हंगाम तरी ते अंगातच असू द्या. नंतर तुमचं तुम्हाला कळेल.

हनुवटीला लागणारं व्हेस्ट तुम्हाला इतकं का खुपलं ते मला माहीत आहे. कोर्सला मिळणारी व्हेस्टं दहा जणांच्या अंगातनं गेलेली, सैल. घेताना असं करा. व्हेस्ट घालून पट्टे आवळा, मित्राला म्हणा, दोन्ही खांदे धरून वर ओढ. कानाच्या पाळीपर्यंत आलं तर एक माप लहान घ्या. मग वरून हार्नेस बांधा. काइटचं व्हेस्ट कमरेच्या वरच संपतं, आणि हार्नेसची वरची कड त्याच्या खालच्या काठावर बसून त्याला दाबून धरते, त्यामुळे ते वर सरकत नाही. ते लांब असेल आणि हार्नेस पूर्ण त्याच्यावर बांधावा लागत असेल, तर पाण्यात फोम दबतो, हार्नेस ढिला पडून बरगड्यांवर चढतो. मग त्रास व्हेस्टचा नाही, हार्नेसचा सुरू होतो. पुढं जाड चेन असलेलं शक्यतो टाळा, ती हार्नेसच्या लोखंडी पट्टीखाली पोटात रुतते. बाजूनं बंद होणारं बरं. शेवटी डोळे मिटा आणि क्विक रिलीजला हात घाला. पहिल्या फटक्यात सापडला पाहिजे. दोनदा चाचपावं लागलं तर ते व्हेस्ट तुमचं नाही, कितीही सवलतीत मिळू दे.

बायकांसाठी एक वाक्य, कारण तुमच्या बायकोलाही शिकायचंय म्हणताय. पुरुषांच्या मापाचं लहान व्हेस्ट त्यांना देऊ नका. छातीपाशी दबतं आणि काखेत मोकळं राहतं, तिथून पाणी शिरून ते फुग्यासारखं वर येतं. बायकांच्या कापाची वेगळी मिळतात.

रंगाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. बाजारातली बहुतेक व्हेस्टं काळी. फोटोत छान दिसतात. आपला किनारा पश्चिमेकडं तोंड करून बसलाय, आणि आपला वारा दुपारनंतर चढतो. म्हणजे तुम्ही अडकाल तेव्हा किनाऱ्यावरचा माणूस थेट मावळतीच्या सूर्याकडं बघत तुम्हाला शोधत असेल. चमचमत्या पाण्यात काळं डोकं आणि काळी छाती म्हणजे वाहत आलेला नारळ. पिवळं नाहीतर भडक नारिंगी घ्या. नाहीच मिळालं तर हेल्मेट तरी त्या रंगाचं. खिशात शिट्टी, आणि दोन्ही हातांना पोचेल अशा जागी चाकू.

व्हेस्ट घेतलं म्हणून वाऱ्याची सूट मिळत नाही, हेही सांगून टाकते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, तेच. दुपारी समुद्राकडून जमिनीकडं येतो तो खारा, तो आपला. पहाटे-सकाळी जमिनीकडून समुद्राकडं जातो तो मतलई, त्यात काइट उघडायचीच नाही, कारण तो तुम्हाला आत नेतो. व्हेस्ट घालून आत गेलात तर तरंगत आत जाल, एवढाच फरक. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. १२ नॉटचा (नॉट हे समुद्रावरचं वेगाचं माप) १८ झाला की काइटची ओढ दीडपट नाही, सव्वादोन पट होते. तुमची १२ मीटरची काइट १८ नॉटला तुमच्या अनुभवाला फार मोठी आहे. तेव्हा किनाऱ्यावर बसून भजी खायची.

रंकाळ्यावर सराव करावा का, असं तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. काइट घेऊन अजिबात नको. भोवती इमारती, झाडं, तारा, त्यांना अडून वारा तुकड्या-तुकड्यानं येतो. काइटशिवायचा सराव मात्र इथं घरीच होतो, आणि समुद्रावर जायच्या आधी तो करा. अंबाई टँक किंवा गावाकडची पायऱ्यांची विहीर, कुठंही, काठावर कुणीतरी सोबत ठेवून. हार्नेस आणि व्हेस्ट घालून खोल भागात जा. श्वास नेहमीसारखा चालू, हात छातीवर, पाय स्थिर. पाच मिनिटं. तोंड पाण्याबाहेर राहिलं तर व्हेस्ट तुमच्या वजनाला पुरतं. गोड्या पाण्यात पुरलं तर समुद्रात पुरणारच. मग एक वीस मीटरची सुती दोरी पाण्यात सोडा आणि काठी बार समजून ती गुंडाळा, पाय न हलवता. पहिल्यांदा पाय आपोआप हलतील, बघा. दोरी पायाला गुंडाळली गेली तर ती सुती आहे, हसून सोडवता येईल. तीन-चार रविवार केलंत की अंगात बसतं.

व्हेस्ट कायमचं टिकत नाही. वापरून झालं की गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत उन्हात कोंबून ठेवू नका. फोम वर्षांगणिक दबतो आणि उचल कमी होतो, बाहेरून मात्र नवं दिसतं. मी दर दिवाळीनंतर, गोव्याला निघायच्या आधी, परसातल्या हौदात सगळी व्हेस्टं तपासते. वाण्याकडून पाच किलोचं लोखंडी वजन आणायचं, व्हेस्टला बांधायचं, पाण्यात सोडायचं. लोखंड पाण्यात साधारण आठव्या हिश्शानं हलकं होतं, म्हणजे व्हेस्टवर भार पडतो तो ४.४ किलोच्या आसपास, ५० न्यूटनपेक्षा जरा कमीच. एवढंही न पेलता ते खाली निघालं, तर यंदाच्या हंगामाला नवं घ्या, आणि जुनं बुलेट धुताना घालायला ठेवा.